दोन पेन्सिल सेल

खारबावात कुणाच्या घरी नवी वस्तू आली की तीन प्रश्न विचारले जातात. केवढ्याला घेतली, कुठून घेतली आणि तिच्यात काय काय होतं. म्हैस असो, मिक्सर असो नाहीतर जावई असो, प्रश्न तेच. जावयाच्या बाबतीत पहिला प्रश्न जरा हळू आवाजात विचारतात, एवढंच.

२००९ च्या दिवाळीत नवाकोरा एसएलआर कॅमेरा छातीशी धरून मी दिव्याहून येणाऱ्या गाडीतून खारबाव स्टेशनात उतरलो, तेव्हा या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मनाशी घोकत होतो. पहिलं उत्तर खोटं होतं, दुसरं अर्धवट होतं, आणि तिसऱ्यानं पुढे माझी पार शोभा केली.

त्याआधी माझ्याकडे डबी होती. म्हणजे साधा डिजिटल कॅमेराच, पण आमच्या घरात त्याला कॅमेरा कुणी म्हणत नसे. सदऱ्याच्या खिशात मावायची आणि दोन पेन्सिल सेलवर चालायची. चालायची म्हणजे, वाण्याकडचे साधे सेल घातले तर आठ-दहा फोटो. मग पडद्यावर तांबडी बॅटरी लुकलुकायची, जीभ बाहेर काढल्यासारखी लेन्स अर्ध्यावर अडकायची आणि मी गणपतीची आरती सोडून दुकानाकडे पळायचो.

"दोन पेन्सिल सेल द्या."

"घड्याळाचे की रिमोटचे?"

"कॅमेऱ्याचे."

"म्हणजे घड्याळाचे."

वर्षानुवर्षं हाच संवाद. पण डबीचा एक गुण होता. ती कुणाच्याही हातात जायची. पुतण्या घ्यायचा, बायको घ्यायची, आईसुद्धा हात लांब करून, मान मागे टाकून, पडद्यात बघून फोटो काढायची. त्या काळातल्या प्रत्येक सणाच्या फोटोत मी आहे. डोळे मिटलेले, तोंडात मोदक, पण आहे.

मग सहावा वेतन आयोग लागू झाला आणि आम्हा जिल्हा परिषदेच्या मास्तरांना छंद सुचू लागले. कुणी गाडी बदलली, कुणी प्लॉट बघून ठेवला, एकानं बाजाची पेटी आणली. मला फोटोग्राफी झाली. 'झाली' हेच क्रियापद बरोबर आहे. ती गोवरासारखी होते, आणि मोठेपणी झाली तर जास्त त्रास देते.

तशी या आजाराची साथ २००३ पासूनची. त्या वर्षी कॅननने ३००डी हा कॅमेरा हजार डॉलरच्या आत विकायला काढला. तोवर डिजिटल एसएलआर ही वर्तमानपत्रवाल्यांची आणि श्रीमंतांची चैन होती. पुढच्याच वर्षी निकॉनचा डी-७० आला, आणि बघता बघता गळ्यात काळा पट्टा घातलेली माणसं सगळीकडे दिसू लागली. आमच्याकडे लाटा उशिरा पोचतात, पण खाडीच्या उधाणासारख्या थेट घरात शिरतात.

बायकोची परवानगी काढण्यासाठी मी इतिहासाचा आधार घेतला. म्हटलं, सावेदादांचं बघ. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईत फोटोचा उत्तम चाललेला धंदा, तरी त्यांनी विलायतेहून २१ गिनी मोजून हलत्या चित्रांचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पैलवानांची कुस्ती टिपली. मराठी माणसानं त्या वेळी कॅमेरा बदलला नसता तर?

ती म्हणाली, "त्यांचा स्टुडिओ होता. तुमचं काय आहे?"

खरेदीला फोर्टात गेलो. तिथं बोराबाजाराच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकानं अशी खेटून आहेत की एका दुकानात भाव विचारला तर पुढच्या दुकानदाराला तो आधीच माहीत असतो. एकानं स्टुलावर बसवून चहा दिला आणि विचारलं, "बिल के साथ चाहिए, या सस्ता चाहिए?" मी बिल मागितलं. त्यावर तो हसून म्हणाला, "अच्छा, मास्टरजी हो." तो पारखी माणूस होता. कॅमेऱ्याबरोबर त्यानं एक बॅग, चार जीबीचं कार्ड, वाऱ्यानं डुलणारा तिपाई स्टँड आणि लेन्स जपायला एक काच गळ्यात मारली. लेन्स जपायची काच कशी जपायची, ते मात्र सांगितलं नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा वापरणारे वाचक पुढचं वाचणार नाहीत. या बाबतीत माणसं वारकऱ्यांइतकी एकनिष्ठ, पण तितकी प्रेमळ नसतात.

घरी ओटीवर दरबार भरलेलाच होता. चुलत आजीनं सुरुवात केली. "कवऱ्याला घेतलास रं?"

मी निम्मी किंमत सांगितली.

"एवऱ्यान दुभती म्हस आली असती."

खऱ्या किमतीत बरोबर रेडकूही आलं असतं, पण मी गप्प राहिलो. मग मेहुणा पुढे सरसावला. तो पूर्ण्याच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. देशातल्या निम्म्या वस्तू त्याच्या हाताखालून जातात असं त्याचं म्हणणं, त्यामुळे वस्तूंबद्दल शेवटचा शब्द त्याचा.

"भाऊजी, मेगापिक्सल किती?"

"दहा."

"माझ्याला बारा आहेत." त्यानं खिशातून आपली गुलाबी डबी काढून ओटीवर ठेवली. "बरं, झूम?"

"तसं बघितलं तर... तीनपट."

"शेजारच्याच्या कॅमेऱ्याला वीस आहे. बरं, व्हिडिओ तर होत असेल?"

इथं माझा आवाज गेला. डी-९० या कॅमेऱ्यानं एसएलआरमध्ये व्हिडिओ आणून वर्ष उलटलं होतं, पण मी घेतलेल्या स्वस्तातल्या मॉडेलपर्यंत ती कृपा उतरली नव्हती. ओटीवर शांतता पसरली. दहावीला गणितात, इंग्रजीत आणि विज्ञानात नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं सगळे माझ्या कॅमेऱ्याकडे बघू लागले. आकारानं मात्र मुलगा थोराड होता.

मी समजावायला गेलो. मास्तरकी हाडात आहे, त्याला काय करणार. म्हटलं, डबीच्या आत उजेड टिपणारा जो तुकडा असतो तो तुरीच्या डाळीएवढा, आणि याच्या आतला पोस्टाच्या तिकिटाएवढा. क्षेत्रफळ जवळजवळ पंधरापट. म्हणजे तुझी बारा माणसं दहा बाय दहाच्या खोलीत कोंबलेली, तर माझी दहा माणसं वाड्यात पाय पसरून झोपलेली. म्हणून अंधारातला फोटो तुझ्यात दाणेदार येतो, माझ्यात स्वच्छ येतो.

मेहुण्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "पण माणसं बाराच ना माझ्याकडे?"

आईनं कॅमेरा हातात घेतला, सवयीनं हात लांब केले, मान मागे टाकली आणि पडद्याकडे बघितलं. पडद्यावर आकडे होते. माझ्या कॅमेऱ्यात फोटो पडद्यात बघून काढता येत नसे. आरशावरून उजेड वर फिरतो, त्यामुळे डोळा खिडकीला लावावाच लागतो. "बिघडलाय," असं म्हणून आईनं तो परत दिला. त्यानंतर तिनं तो कधी हातात घेतला नाही, आणि घरात दुसऱ्या कुणीही नाही. पुढच्या तीन वर्षांच्या एकाही सणाच्या फोटोत मी नाही. बायकोच्या माहेरी एका नव्या पाहुण्यानं अल्बम चाळून अगदी हळुवारपणे विचारलं होतं, "आणि यांचे मिस्टर?"

मोठा कॅमेरा गळ्यात आला की फोटो बदलतात की नाही हे नंतर कळतं, पण आपण ताबडतोब बदलतो. म्हणजे लोकांच्या लेखी बदलतो. डबी घेऊन मी शंभरदा खारबावच्या फलाटावर उभा राहिलो असेन, कुणी ढुंकून बघितलं नाही. एसएलआर घेऊन पहिल्याच दिवशी एक खाकी वर्दी जवळ आली. "परवानगी आहे का? प्रेसवाले?" मी मास्तर आहे म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्यावर तर याच्या उलट. तिथं कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या रिक्षावाल्यानं मला बाहेर ओढलं, एका खड्ड्याशी नेऊन उभं केलं आणि शेजारी पोराला बसवलं. "याच्यासकट काढा. म्हणजे मापाचा अंदाज येईल. उद्याच्या पेपरात आलं पाहिजे." मी तीन कोनांतून काढले. दुसऱ्या दिवशी त्यानं मला रस्त्यातच गाठून विचारलं, "आतल्या पानावर होता का?"

शाळेतही माझी बढती झाली. त्याआधी मी चौथीचा वर्गशिक्षक होतो. आता 'फोटोला बोलवा त्यांना' असा झालो. वृक्षारोपण, हात धुवा दिन, पालक मेळावा, सगळ्याचा अहवाल, आणि अहवालाला फोटो. वृक्षारोपणाचे तीन वर्षांचे फोटो माझ्याकडे आहेत. अत्यंत स्पष्ट आहेत. इतके स्पष्ट की तिन्ही वर्षी खड्डा तोच आहे हे कडेच्या दगडावरून ओळखू येतं. डबीत ते कळलं नसतं.

एका रविवारी वसईच्या किल्ल्यात गेलो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली तो पोर्तुगिजांकडून घेतला, आणि त्या मोहिमेसाठी खटपट करणाऱ्यांत अंजूरचे गंगाजी नाईक होते. अंजूर पडलं आमच्याच तालुक्यात, म्हणून आम्हा खारबावकरांना त्या किल्ल्यावर आपला थोडा हक्क आहे असं वाटतं. त्या हक्कानं मी एकाच कमानीचे ८४ फोटो काढले. प्रत्येक वेळी लेन्सचं छिद्र थोडं लहान, शटरचा वेग थोडा कमी, परत छिद्र मोठं, परत वेग जास्त. घरी येऊन संगणकावर लावले तर ८४ च्या ८४ एकसारखे. फक्त छिद्र लहान केलेल्या फोटोंत आभाळात काळे ठिपके होते. मला वाटलं घारी आहेत. पण घारी प्रत्येक फोटोत त्याच जागी कशा राहतील?

ती धूळ होती. लेन्स काढताना-घालताना आत शिरलेली, पोस्टाच्या तिकिटावर बसलेली. आमच्या रस्त्यावरची धूळ रात्रंदिवस ट्रकच्या चाकांखाली कुटून मैद्यासारखी झालेली असते. ती तिजोरीतही शिरते, कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात. आणि धुळीनंतर पावसाळा. खाडीकाठची दमट हवा, चार महिने ओली भिंत. जाणकारांनी सांगितलं, लेन्सला बुरशी धरेल. काचेलाही बुरशी धरते हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. उपाय एकच. घट्ट झाकणाचा डबा आणि आत ओल शोषणारे निळे खडे.

आमच्या घरात घट्ट झाकणाचा एकच डबा होता, आणि त्यात सुकट होती. त्या डब्यासाठी आईशी जो तह झाला त्याची कलमं सांगत बसत नाही. डबा तीनदा धुतला, उन्हात ठेवला, लिंबू चोळलं. तरी आजही माझा कॅमेरा डोळ्याला लावला की आधी सोड्यांची खिचडी आठवते, मग विषय सुचतो. खड्यांची आणखी गंमत. ते ओल प्यायले की गुलाबी होतात, तापवले की परत निळे. एका जुन्या, स्वयंपाकातून बाद झालेल्या तव्यावर मी ते परतत बसलो असताना शेजारच्या काकी डोकावल्या. बघून काही न बोलता परत गेल्या. संध्याकाळी त्यांनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तरांचा पगार नाय कं झाला?"

आता हळद. आगरी माणसाला विचारलं की लग्न कधी, तर तो आधी हळदीची तारीख सांगतो. लग्नाला नाही गेलात तर चालून जातं, हळदीला नाही गेलात तर नातवंडांपर्यंत लक्षात ठेवतात. चुलतभावाच्या मुलाच्या हळदीला मी पहिल्यांदा एसएलआर गळ्यात घालून गेलो. अंगणात एका बाजूला धवलारीण धवले गात होती, दुसऱ्या बाजूला डीजे तिला तिथंच थांबवण्याचा प्रयत्न करत होता, आणि वरून हिरवे, जांभळे दिवे गरगर फिरत होते. नवरदेव पाटावर. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. मी शंभर फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी बघतो तर नवरदेव पिवळा नव्हता. राखाडी होता. कावीळ उतरलेल्या माणसासारखा. कारण नंतर समजलं. कॅमेऱ्यात रंग आपोआप सुधारण्याची एक सोय असते. बल्बखाली सगळं पिवळं दिसायला लागलं की ती त्यात निळं मिसळून पांढऱ्याला पांढरं करते. आमच्या नवरदेवाला बघून तिला वाटलं, बिघाड झालाय. गावातल्या ४० बायकांनी मिळून लावलेली हळद तिनं एका क्षणात धुऊन टाकली. शिवाय फ्लॅश मारताना लेन्सपुढची काळी झालर काढायची विसरलो होतो. त्यामुळे प्रत्येक फोटोच्या तळाशी अर्धवर्तुळ सावली. नवरदेवाच्या मांडीवर ग्रहण लागलेलं.

त्यातल्या त्यात जे बरे आले होते ते घेऊन भावाकडे गेलो. माझा अभिमानाचा फोटो म्हणजे नवऱ्याचा चेहरा कोरीव, डोळ्यात दिव्याचा ठिपका, आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. हे डबीला जन्मात जमलं नसतं. डाळीएवढ्या तुकड्यावर पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट येतं. यासाठी तर मी म्हैस घालवली होती. भावानं फोटो लांब धरला, जवळ धरला.

"मंडप कं गेला?"

"तो मुद्दाम पुसट केलाय. म्हणजे चेहऱ्यावर नजर..."

"पन्नास हजार दिलेत मंडपवाल्याला. तू पुसून टाकलास?"

मेहुण्याच्या गुलाबी डबीतल्या फोटोंत मंडप होता, झालर होती, डीजेवाल्याच्या गाडीचा नंबरसुद्धा होता. आणि व्हिडिओ होता. अल्बममध्ये त्याचे लागले. वर, हळदीच्या रात्री मी पाहुणा होतो हे माझ्याखेरीज सगळे विसरले होते. "मास्तर, आमचा एक." "मास्तर, आता मामांकडचे." "फोटोवाले, जरा बाजूला व्हा, बाकीच्यांना दिसत नाय." पंगतीला बसलो तेव्हा मटणाच्या टोपात चमचा खडखडत होता. वाढप्यानं तर्री वाढली आणि विचारलं, "तुमची ऑर्डर किती दिवसांची?"

एवढं होऊनही माणूस सुधारतो का? मी आणखी एक लेन्स आणली. ५० मिलिमीटर, अंधारात चांगली, चेहऱ्यांसाठी नामी. घरी येऊन लावली तर फोकस होईना. त्या लेन्समध्ये मोटर नव्हती, ती कॅमेऱ्यातली मोटर वापरायची. आणि माझ्या कॅमेऱ्यातही मोटर नव्हती, तो लेन्समधली वापरायचा. स्थळ जमवताना दोन्हीकडची वडीलधारी 'तुम्हीच सुरू करा' म्हणत चहा गार करतात, तसे दोघं एकमेकांकडे बघत बसले होते. तेव्हापासून त्या लेन्सचं चाक मी हातानं फिरवतो. अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात लहान मूल असेल तर घराबाहेर गेलेलं असतं.

म्हातारं माणूस मात्र बसून राहतं. म्हणून चुलत आजीनं जेव्हा स्वतःहून सांगितलं, "माजा येक फोटू कार रं. हार घालाला," तेव्हा मला त्या लेन्सचं चीज झाल्यासारखं वाटलं. ती खडखडीत बरी होती. पण शेजारच्या म्हातारीच्या दहाव्याला रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता. तो बघून हिनं धसका घेतला होता. आपलं आपण बघून ठेवावं.

तिला पडवीत खिडकीशी बसवलं. हिरवी नववारी, कानात ठेवणीतल्या कुड्या. सकाळचा उजेड एका गालावरून उतरत होता. मी चाक फिरवू लागलो.

"कारलास?"

"थांब आजी, फोकस..."

"कारलास?"

"हलू नको."

"मराची येळ झाली माजी, तुजा फोटू होत नाय."

यावर ती हसली आणि मी बटण दाबलं. तो माझ्या आयुष्यातला सर्वात चांगला फोटो आहे, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. चेहऱ्यावरची रेघन् रेघ, खारातल्या शेताच्या बांधांसारखी. भिवंडीहून बारा बाय अठराची प्रत काढून आणली, फ्रेमसुद्धा बघून आलो.

आजीनं ती दोन्ही हातांत धरली. बराच वेळ बघितलं. मग आईकडे वळून म्हणाली, "ही कोन थेरडी?"

"तूच ना गं."

"मी? एवऱ्या सुरकुत्या?" तिनं बोटानं गालावरच्या सगळ्यात खोल रेघेवर रेघ ओढली, मग स्वतःचा गाल चाचपला. "पोरं घाबरतील याला हार घालताना."

मी उजेडाबद्दल बोललो, चेहऱ्यावरच्या भावाबद्दल बोललो. पोस्टाच्या तिकिटाबद्दलही बोललो असतो, पण तिनं हात वर केला. तिला तीन वर्षांपूर्वीच्या गौरीतला तिचा फोटो आठवत होता. फ्लॅश थेट तोंडावर मारलेला, चेहरा पुरीसारखा गोल, पांढराफटक आणि गुळगुळीत, मागे फ्रीज. तसा पाहिजे.

"त्या बारक्या डबीन कार. हाय ना ती?"

डबी होती. कपाटात, जुन्या दाखल्यांच्या खाली. मी बटण दाबून बघितलं. लेन्स अर्ध्यावर बाहेर आली आणि तशीच थांबली.

"सेल नायत कं?" आजीनं विचारलं. पदर परत नीट केला. "मंग आन जा. मी बसलेय."

दुकानात गर्दी नव्हती. गळ्यातला काळा पट्टा काढून ठेवायचं विसरलो होतो, त्यामुळे तो जड कॅमेरा काउंटरवर ठक्कन आपटला. दुकानदारानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दोन पेन्सिल सेल द्या."

"घड्याळाचे की रिमोटचे?"

"घड्याळाचे," मी म्हटलं.